मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारसाठी हिवाळी टायर कसे निवडावेत

रिअर-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्‌स कार हिवाळ्यात गॅरेजमध्येच ठेवायची असते, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी बरेच हिवाळे अशी गाडी रोज चालवली आहे आणि मला हे मुळीच पटत नाही. योग्य टायर, योग्य मापात, चारही चाकांवर बसवले तर ही गाडी हिवाळ्यात भरवशाची होते, आणि चालवायला फार सुंदर लागते. टायर चुकले तर मात्र पहिल्याच चढावर ती हात टेकते.

आधी शब्दांचा एक गुंता सोडवू. आभाळातून पडणारा भुसभुशीत आणि रस्त्यावर पाणी गोठून झालेला काचेसारखा, दोन्हींना आपण बर्फच म्हणतो. टायरसाठी हे दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत. म्हणून या लेखात पडणाऱ्याला ‘हिम’ म्हणतो आणि काचेसारख्या गोठलेल्याला ‘बर्फ’.

आता थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समजा गाडी १४०० किलोची आहे आणि वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं. म्हणजे गाडी ढकलणाऱ्या दोन चाकांवर ७०० किलो. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ढोबळमानानं ०.८ ते १ धरतात. वाहनांनी दाबलेल्या हिमावर चांगल्या हिवाळी टायरला ०.२५ च्या आसपास धरा आणि थंडीनं कडक झालेल्या उन्हाळी टायरला ०.१ च्या आसपास. म्हणजे हिवाळी टायर तुमच्या गाडीला १७५ किलोच्या जोरानं ढकलू शकतो आणि उन्हाळी टायर ७० किलोच्या. पहिली गाडी साधारण साडेबारा टक्क्यांचा चढ चढते, दुसरी पाच टक्क्यांवरच जागच्या जागी चाकं फिरवत बसते. इंजिन ३०० अश्वशक्तीचं असो की १५० चं, या हिशेबात त्याला जागाच नाही. थांबतानाही तेच. ताशी ५० किलोमीटर वेगावरून ०.२५ ला सुमारे ३९ मीटर लागतात, ०.१ ला सुमारे ९८ मीटर.

पायरी १: आपला हिवाळा नेमका कसा आहे ते लिहून काढा

‘सगळ्यात चांगला हिवाळी टायर कोणता?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण हिवाळे वेगवेगळे असतात. कागद घ्या आणि गेल्या हिवाळ्यातले दिवस आठवा. किती दिवस रस्ता नुसता गार आणि ओला होता? किती दिवस हिम साचून दाबलं गेलं होतं? किती दिवस खाली निखळ बर्फ होता? तुमचा रस्ता मीठ टाकून साफ केलेला महामार्ग आहे की कुणी हिम उपसायला येत नाही असा वळणांचा घाट?

बहुतेकांच्या यादीत गार आणि ओल्या डांबराचे दिवस सगळ्यात जास्त निघतात. स्पोर्ट्‌स कारवाल्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण सगळ्यात मऊ टायर अशा डांबरावर ढिला वाटतो. स्टिअरिंग वळवलं की गाडी अर्धा क्षण विचार करून वळते. उलट, ज्याच्या यादीत बर्फाचे दिवस जास्त आहेत त्यानं स्टिअरिंगचा नेमकेपणा बाजूला ठेवून मऊ टायरच घ्यावा. इथे हौसेला थारा देऊ नये.

तापमानही लिहा. बर्फ सगळ्यात निसरडा असतो तो शून्य अंशाच्या आसपास, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० अंशांवर तोच बर्फ बराच कोरडा असतो आणि टायरला जास्त धरतो. दिवसा वितळणारा आणि संध्याकाळी पुन्हा गोठणारा रस्ता हा कडक थंडीतल्या रस्त्यापेक्षा जास्त धोक्याचा.

तापमान सात अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की उन्हाळी टायर काढून हिवाळी लावा, असं सर्रास सांगितलं जातं. सात अंशांवर काही एकाएकी घडत नाही. रबर हळूहळू कडक होत जातं. पण आकडा म्हणून तो उपयोगी आहे, कारण सकाळी सात असेल तर सावलीतल्या वळणावर त्याहून कमी असणार. स्पोर्ट्‌स कारच्या उन्हाळी टायरबाबत आणखी एक गोष्ट आहे. त्यांचं कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, इतकं उष्णतेसाठी बनवलेलं असतं की कडक गारठ्यात गाडी नुसती हलवली तरी ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या, ठोकळ्यांना तडे जाऊ शकतात. टायर कंपन्या स्वतःच तसा इशारा देतात. म्हणजे ‘हिम पडलं की गाडी काढणार नाही, मग टायर बदलायचे कशाला?’ हा युक्तिवादही टिकत नाही.

पायरी २: प्रकार ठरवा

एकदा गारठलेल्या सकाळी मी उन्हाळी आणि हिवाळी टायर शेजारी शेजारी उभे करून ट्रेडमध्ये अंगठ्याचं नख दाबून पाहिलं. उन्हाळी टायरवर नख घसरलं, खूणही उमटली नाही. हिवाळी टायरचा ठोकळा नखाखाली दबला. तोच ठोकळा बोटानं एका बाजूला रेटला, तर त्यावरच्या नागमोडी बारीक चिरा एकेक करून उघडल्या. टायर रस्त्यावर नेमकं हेच करतो. चिरांच्या कडा हिमात रुततात, बर्फावरच्या पाण्याचा थर चिरांमध्ये शोषला जातो, आणि मोठ्या खाचांमध्ये हिम घट्ट बसतं. हिमाची हिमावर पकड चांगली असते, म्हणून खाचेत थोडं हिम भरलेलं असणं फायद्याचं.

स्पोर्ट्‌स कारवाल्यापुढे खरे पर्याय दोन.

पहिला म्हणजे परफॉर्मन्स हिवाळी टायर. मध्य युरोपातले साफ केलेले, ओले, वेगवान रस्ते डोळ्यांसमोर ठेवून हे बनवलेले असतात. मिशेलिनचा पायलट अल्पिन ५, कॉन्टिनेंटलचा विंटरकॉन्टॅक्ट टीएस ८६० एस, पिरेलीचा विंटर सोटोझेरो ३ ही याची उदाहरणं. यांचे ठोकळे जरा कडक असतात, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, ताठ असते, वेगाचं मानांकन एच, व्ही किंवा डब्ल्यू असतं (अक्षरांचा अर्थ पायरी ३ मध्ये). गार ओल्या डांबरावर ब्रेक आणि स्टिअरिंग उत्तम, दाबलेल्या हिमावर चांगले, निखळ बर्फावर मध्यम.

दुसरा म्हणजे बिनखिळ्यांचा मऊ टायर, ज्याला नॉर्डिक किंवा स्टडलेस म्हणतात. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक डब्ल्यूएस ९०, मिशेलिनचा एक्स-आइस स्नो, नोकियनचा हाक्कापेलिट्टा आर ५. यांचं कंपाउंड खूप मऊ आणि चिरा खूप दाट. बर्फावर पहिल्या गटाच्या कितीतरी पुढे. किंमत मोजावी लागते ती डांबरावर: वळणात टायर अंग चोरतो, ओल्या रस्त्यावर थांबायला जास्त जागा लागते, आणि उबदार दिवसांत झीज भराभर होते.

माझा कौल असा. रस्ता साफ होत असेल आणि बर्फाचे दिवस मोजके असतील तर पहिला गट घ्या. महिनोन्‌महिने चाकाखाली हिम आणि बर्फ असेल तर दुसरा. मध्येच अडकलात, तर गाडीची ताकद आणि रस्त्याचा उतार पाहा. भरपूर टॉर्कची, म्हणजे चाकं जोरानं फिरवणारी गाडी आणि घराजवळ तीव्र चढ असेल तर मी दुसऱ्या गटाकडे झुकेन, कारण मागच्या चाकांवर चालणारी गाडी सगळ्यात आधी अडते ती चढावर निघताना.

खिळ्यांचे टायर निखळ बर्फावर सगळ्यांत सरस असतात, पण अनेक ठिकाणी त्यांना बंदी आहे, डांबरावर ते आवाज करतात आणि रस्ता खरवडतात. तुमचा हिवाळा खरोखर बर्फाचा असेल आणि कायदा परवानगी देत असेल तरच तिकडे वळा. बारमाही टायर सौम्य हिवाळ्यात चालून जातात. ताकदवान रिअर-व्हील-ड्राइव्हवर मात्र मला ती तडजोड दोन्ही ऋतूंत खटकते.

पायरी ३: साइडवॉल वाचा

दुकानदाराच्या तोंडापेक्षा साइडवॉलवर विश्वास ठेवा. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवंच. ते १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत आलं आणि आता सगळीकडे मानलं जातं. हिमावर प्रत्यक्ष चाचणी घेऊन, ठरावीक संदर्भ-टायरपेक्षा जास्त पकड दाखवली तरच ते मिळतं. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) लिहिलेलं असेल तर त्याला फार अर्थ नाही; ते उत्पादक ट्रेडच्या रचनेवरून स्वतःच छापतो. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांवर फक्त डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले टायरच ग्राह्य धरले जातात.

हे चिन्हही सगळं सांगत नाही. त्याची चाचणी हिमावरची असते, बर्फावरची नव्हे. युरोपीय संघाच्या टायर-लेबलवर मे २०२१ पासून बर्फाच्या पकडीचं वेगळं चिन्ह आलं आहे. बर्फाळ भागात राहत असाल तर तेही शोधा. परफॉर्मन्स गटातल्या टायरवर ते सहसा सापडत नाही, आणि त्यातच दोन गटांमधला फरक आला.

कमाल वेगाची अक्षरं अशी: क्यू १६०, आर १७०, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, सगळे ताशी किलोमीटर. उन्हाळी टायर वाय म्हणजे ३०० चा असतो, म्हणून हिवाळीही तसाच शोधत बसू नका. हिवाळी टायरला गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी मानांकन जर्मनीसारख्या देशांतही चालतं. डॅशबोर्डवर वेगमर्यादेचा स्टिकर लावायचा, एवढंच. अक्षर जसं वर जातं तसा टायर सहसा ताठ होतो, हे मात्र निवडताना उपयोगी पडतं.

भाराचा अंक सोडू नका. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. गाडीच्या दारावरच्या किंवा पुस्तिकेतल्या अंकापेक्षा कमी अंकाचा टायर घेऊ नका. काही टायरवर विशिष्ट गाडीसाठी मंजुरीची खूण असते, पोर्शेसाठी ‘एन’ आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी तारा. असेल तर उत्तम, आणि नसल्यास एकाच मॉडेलचे चारही टायर घेणं त्याहून महत्त्वाचं.

पायरी ४: माप ठरवा, आणि इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. उन्हाळी रिम आणि उन्हाळी रुंदी तशीच ठेवून फक्त हिवाळी रबर चढवायचं, हा सोपा मार्ग असतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

टायर जमिनीला टेकतो त्या जागेचं क्षेत्रफळ मुख्यत्वे भार आणि हवेचा दाब ठरवतात. रुंदी बदलली की क्षेत्रफळापेक्षा आकार बदलतो: रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड, अरुंद टायरचा उभा आणि लांब. ताज्या हिमात आणि चिखलासारख्या अर्धवट वितळलेल्या हिमात अरुंद टायर कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगायला बघतो. म्हणून रुंदी एक-दोन पायऱ्या कमी करायची. जोडीला रिम एक इंच लहान घेतली तर साइडवॉल उंच होते. हिमाखाली लपलेल्या खड्ड्यात आणि गोठलेल्या चाकोऱ्यांत रिम वाचते ती या उंचीमुळे.

अनेक स्पोर्ट्‌स कारना पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर असतात. समजा पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ आहे. यात पहिला आकडा रुंदी मि.मी. मध्ये, दुसरा गुणोत्तर, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. टायरचा पूर्ण व्यास काढायचा तर रुंदीला गुणोत्तरानं गुणायचं, दुप्पट करायची आणि त्यात रिमचा व्यास मिळवायचा. पुढचा ६३७.२ मि.मी. येतो, मागचा ६३५.७. आता चारही चाकांना २२५/४५ आर १७ लावला तर व्यास येतो ६३४.३. पुढे अर्ध्या टक्क्याहून कमी फरक, मागे पाव टक्क्याच्या आत. स्पीडोमीटर बिघडत नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्याचं गुणोत्तर जवळपास मूळचंच राहतं. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) चारही चाकांच्या गती एकमेकांशी ताडून पाहत असतात. हे गुणोत्तर बिघडलं तर त्यांना चाक घसरत नसतानाही घसरल्यासारखं वाटू शकतं. म्हणून मूळ व्यासापासून फरक एक टक्क्याच्या आत ठेवायचा मी आग्रह धरतो.

चारही टायर एकाच मापाचे असण्याचा मोठा फायदा म्हणजे ते अदलाबदल करता येतात. या गाड्यांचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा लवकर झिजतात. मागे-पुढे फिरवत राहिलं तर चारही एकसारखे झिजतात आणि हिवाळी टायरची उंच नक्षी जास्त काळ उपयोगी राहते.

पण हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. पुढे इंजिन आणि वजन जवळपास समान, म्हणजे मझदा एमएक्स-५ किंवा टोयोटा जीआर ८६ च्या जातीच्या गाड्यांना कंपनीनेच चारही सारखे टायर दिलेले असतात. तिथे प्रश्नच नाही. पुढे इंजिन पण मागे रुंद टायर असलेल्या गाडीत, कंपनीने मंजूर केलेल्या मापांच्या यादीत चारही सारखं माप असेल तर खुशाल घ्या. फक्त कोरड्या गार डांबरावर शेपूट आधीपेक्षा चपळ वाटेल, कारण मागची रुंदी पुढच्यापेक्षा जास्त घटली आहे. इंजिन मागे किंवा मधोमध असलेल्या गाडीत मात्र, म्हणजे पोर्शे ९११ किंवा आठव्या पिढीची शेव्हरले कॉर्व्हेट, पुढे-मागे वेगळी रुंदी तशीच राहू द्या. त्या गाड्यांचं वजन मागे जास्त, आणि मागची रुंदी कमी केली तर तोल बिघडतो. तिथे कंपनीने दिलेलं हिवाळी माप जसंच्या तसं घ्या.

लहान रिम घेताना ब्रेक आडवा येतो. मोठ्या कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकची चकती पकडणाऱ्या भागावर, १७ इंची रिम बसेलच असं नाही, आणि व्यास पुरला तरी आऱ्या कॅलिपरला घासू शकतात. विकत घेण्याआधी रिम टायरशिवाय हबवर, म्हणजे चाक बोल्टनं बसतं त्या भागावर, लावून हातानं फिरवून पाहा. कॅलिपर आणि रिम यांच्यात बोटभर जागा दिसली पाहिजे. बोल्टचं वर्तुळ, मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते) हे तिन्ही पुस्तिकेशी जुळवा. पुढे-मागे एकच रिम लावणार असाल तर ऑफसेट दोन्हीकडे चालतो का ते तपासा. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि मागे गाडी भार टाकून दाबून बघावं लागतं.

रिमबद्दल एवढंच, की हिवाळ्यासाठी साधी, पूर्ण रंगवलेली, कमी आऱ्यांची रिम घ्या. क्रोम आणि यंत्रावर कापून चमकवलेल्या कडा रस्त्यावरच्या मिठानं लवकर फुगतात.

पायरी ५: चारही टायर एकदम

‘ताकद मागे जाते, मग मागचे दोनच हिवाळी घेतले तर?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर नाही असंच आहे, आणि कारण समजून घ्यावं.

टायरकडे पकडीची ठरावीक पुंजी असते. तीच पुढे ढकलण्यात, थांबवण्यात आणि वळवण्यात वाटून खर्च होते. मागे हिवाळी आणि पुढे उन्हाळी टायर असतील तर गाडी झकास सुटते, मग वळण येतं, तुम्ही स्टिअरिंग फिरवता, पुढची चाकं वळतात आणि गाडी सरळच जाते. ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, तेही इथे निम्मं राहत नाही. उलट केलं, पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी, तर पुढचं टोक वळणात शिरतं, मागचं शिरत नाही, आणि गाडी गोल फिरते. झिजण्याच्या बाबतीतही हाच विचार: चारांपैकी दोन टायरवर नक्षी जास्त शिल्लक असेल तर ते मागे लावायचे.

पायरी ६: विकत घेताना

साइडवॉलवरच्या शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं. ३६२४ म्हणजे २०२४ सालचा ३६ वा आठवडा. चारही टायर एकाच काळातले असू द्या. नवा हिवाळी टायर साधारण ८ ते ९ मि.मी. खोल असतो. जुना घेणार असाल तर खोली मोजाच, पण नखाची परीक्षाही घ्या: नक्षी उंच असूनही नख घसरत असेल तर रबर संपलं आहे. सहा वर्षांपुढचा हिवाळी टायर मी फुकटही घेत नाही.

टायर दिशेचा आहे की आत-बाहेरचा तेही पाहा. बाण असेल तर तो एका बाजूलाच चालतो. पुढे-मागे वेगळी मापं आणि त्यात बाणाचे टायर म्हणजे एकही टायर कुठे बदलता येत नाही. अशा गाडीला ‘आत’ आणि ‘बाहेर’ लिहिलेले टायर सोयीचे. निदान डावे-उजवे बदलता येतात.

घेण्याची वेळ म्हणजे पहिलं हिम पडण्याच्या महिनाभर आधी. हिम पडल्यावर तुमचं माप संपलेलं असतं आणि मग जे मिळेल ते बसवलं जातं. कायद्याच्या तारखाही बघून ठेवा. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. काही देश तारखांऐवजी रस्त्याची स्थिती पाहतात.

पायरी ७: बसवणं आणि हवा

रिम काढल्यावर हबचा तोंडभाग तारेच्या ब्रशनं घासून गंज काढा, नाहीतर चाक तिरकं बसून स्टिअरिंग थरथरतं. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमानं, टॉर्क पान्यानं, पुस्तिकेतल्या आकड्याला कसा. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. हे दुसऱ्यांदा तपासणं लोक हमखास विसरतात. चाकातल्या हवेच्या दाबाचे सेन्सर दुसऱ्या संचातही घालून घ्या.

हवेचा हिशेब नीट समजून घ्या. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३३ पीएसआय भरली आणि गाडी उणे १० अंशांत रात्रभर उभी राहिली तर सकाळी साधारण २८ उरते. टायरमधून काहीही गळलेलं नसतं. गार हवा आकसते, एवढंच. म्हणून हवा गाडी जिथे उभी असते त्याच थंडीत, चालवण्याआधी तपासायची, आणि तीही दर दोन आठवड्यांनी. ‘हवा कमी केली की पकड वाढते’ हा सल्ला वाळूत चालतो. हिवाळी रस्त्यावर त्यानं ठोकळे चुरगळतात आणि चिरा मिटतात.

पहिले ३०० ते ५०० किलोमीटर सांभाळून चालवा. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो, आणि चिरांच्या कडाही थोड्या वापरानंतरच नीट काम करू लागतात.

पायरी ८: मोकळ्या जागेत गाडीशी ओळख

पहिलं हिम पडलं की मोठी, रिकामी, परवानगी असलेली जागा शोधा आणि अर्धा तास तिथे घालवा. ताशी २० ते ३० वर सरळ रेषेत जोरात ब्रेक दाबा. पायाखाली एबीएसची थरथर कशी लागते, गाडी किती लांब जाते, ते अंगात मुरू द्या. मग खाली उतरून आपल्याच चाकाचा ठसा पाहा. नक्षी आणि चिरांच्या बारीक रेषा साच्यातून काढल्यासारख्या स्पष्ट उमटल्या असतील तर टायर हिम पकडतो आहे. ठशाच्या जागी गुळगुळीत, चकाकती पट्टी दिसली तर चाक घसरलेलं असतं, तुम्हाला आत जाणवलं नसलं तरी.

दुसरी गोष्ट मुद्दाम अनुभवा, तीही हळू वेगात: वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलणं. मागच्या चाकांच्या गाडीत इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. निसरड्यावर खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला तर मागची चाकं हँडब्रेक ओढल्यासारखी अडतात आणि शेपूट बाहेर येतं. या गाड्यांना अपघात ॲक्सिलरेटर दाबल्यामुळेच होतो असं समजतात. पाय उचलल्यामुळे होणारे ध्यानात येत नाहीत.

डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन मागच्या चाकांत वाटणारा भाग, कोणता आहे हेही इथेच कळतं. साध्या डिफरन्शियलमध्ये एक मागचं चाक जागेवर फिरतं आणि दुसरं स्वस्थ राहून शेपूट धरून ठेवतं. लिमिटेड-स्लिप, म्हणजे एकच चाक फुकट फिरू न देणारा प्रकार, असेल तर गाडी निघायला मदत होते, पण पकड सुटली तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडी आडवी सरकते. म्हणून लिमिटेड-स्लिपवाल्यानं पाय जास्त हलका ठेवायचा. निघताना दुसरा गिअर टाका, गाडीत हिवाळी मोड असेल तर तो लावा. ट्रॅक्शन कंट्रोल चालूच ठेवा. रुतलात आणि यंत्रणा चाकांना फिरूच देत नसेल तेवढ्यापुरता बंद करा, बाहेर आलात की लगेच चालू.

डिकीत वाळूच्या गोण्या टाकण्याचा जुना सल्ला आहे. पुढे जड इंजिन आणि हलकं शेपूट असेल तर मागच्या धुरीच्या वर, धुरीच्या मागे नव्हे, २०-३० किलो घट्ट बांधून ठेवायला हरकत नाही. सुटी गोणी मात्र कधीच नको. इंजिन मागे असलेल्या गाडीला तर त्याची गरजच नाही.

साखळ्यांची गरज पडेल अशा घाटात जात असाल तर त्या मागच्या चाकांना लावायच्या, आणि पुस्तिकेत ज्या मापाच्या टायरला परवानगी आहे त्यालाच. स्पोर्ट्‌स कारच्या चाकाआड जागा इतकी कमी असते की जाड कडीची साखळी ब्रेकच्या नळीला लागू शकते. अरुंद हिवाळी टायर घेतला असेल तर ही अडचण पुष्कळ हलकी होते. आणि हिम गाडीच्या पोटाला टेकण्याइतकं खोल असेल तर घरी राहा. पुढचा खालचा ओठ हिम नांगरत जातो, पोट त्यावर चढतं, आणि भारच राहिला नाही तर कोणताही टायर काही करू शकत नाही.

पायरी ९: हंगाम संपताना

कायद्यात बऱ्याच ठिकाणी १.६ मि.मी. पुरतात, पण ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ मि.मी. लागतात आणि तो आकडा शहाणपणाचा आहे. ४ च्या खाली खाचांत हिम धरायला जागा उरत नाही आणि बऱ्याच टायरवर चिराही उथळ होत जातात. चारही टायर तीन-तीन ठिकाणी मोजून वहीत लिहा.

दिवस सातत्यानं सात अंशांच्या वर गेले की लगेच उतरवा, कारण उबदार डांबरावर मऊ रबर झपाट्यानं जातं. चाकं धुऊन, मीठ काढून, पूर्ण वाळवा. रिमसकट असतील तर आडवी एकमेकांवर रचा, नुसते टायर असतील तर उभे ठेवा आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवा. जागा अंधारी आणि गार हवी, विजेच्या मोटारीपासून लांब, कारण तिथे तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो. ठेवण्याआधी प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहा: ‘मागे डावं, ६.५ मि.मी.’ पुढच्या हिवाळ्यात चार टायरपैकी जे दोन सगळ्यात खोल असतील ते मागे चढवायचे आहेत.